डोळे पुष्कळ, वाचक थोडे

परीक्षा आणि समीक्षा या दोन्ही शब्दांच्या मुळाशी 'ईक्ष्' हा एकच धातू आहे आणि त्याचा अर्थ पाहणे. तरीही व्यवहारात आपण त्यांची गल्लत करीत नाही. विद्यार्थ्याची परीक्षा घेतली जाते, कवितेची समीक्षा होते. परीक्षेत अपेक्षित उत्तर आधीच ठरलेले असते आणि समोरचे उत्तर त्याच्याशी जुळते की नाही एवढेच पाहायचे असते. समीक्षेत प्रश्नदेखील समीक्षकालाच शोधावे लागतात. साहित्याच्या अभ्यासकांना हा भेद नवा नाही. मात्र याच भेदावरून गेली पंचवीस वर्षे एक कडाक्याचा वाद अशा क्षेत्रात चालू आहे, जिकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ते क्षेत्र म्हणजे लिनक्स या मुक्तस्रोत संगणकप्रणालीचा गाभा, अर्थात कर्नेल. या वादाचे तपशील तांत्रिक असले तरी त्याचे मर्म वाचनाविषयीचे आहे, आणि म्हणूनच त्यात साहित्याच्या माणसांनी लक्ष घालायला हवे असे आम्हांला वाटते.

लिनक्सचा जन्म १९९१ सालचा. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने छंद म्हणून आरंभिलेले हे काम आज चार कोटी ओळींच्या घरात पोहोचले आहे. यंत्राचे भाग आणि आपण वापरतो त्या आज्ञावल्या यांच्यामध्ये कर्नेल उभा असतो. स्मृतीचा कोणता तुकडा कोणाला द्यायचा, प्रोसेसरचा वेळ कोणामध्ये कसा वाटायचा, डिस्कवर काय कोठे लिहायचे, हे तो ठरवितो. अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये हाच कर्नेल आहे, आणि जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीत २०१७ च्या नोव्हेंबरपासून दुसरी कोणतीही प्रणाली उरलेली नाही. म्हणजे हा लेख वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या खिशात ही संहिता आहे. ती वाचण्यास कोणालाही मज्जाव नाही. तरीही आपल्यापैकी जवळजवळ कोणीही तिची एक ओळदेखील वाचलेली नाही. या साध्या वस्तुस्थितीपासून आमचे म्हणणे सुरू होते.

या संहितेत बदल करण्याची एक ठरलेली रीत आहे. ज्याला बदल सुचवायचा असेल त्याने तो लहान तुकड्यांत, प्रत्येक तुकड्याचे कारण लिहून, ईमेलने पाठवायचा. या तुकड्याला पॅच म्हणतात, आणि आपला 'ठिगळ' हा शब्द त्याला चपखल बसतो. संहितेच्या प्रत्येक विभागाला एक जबाबदार राखणदार असतो, त्याला मेंटेनर म्हणतात. तो आणि इतर जाणकार तो पॅच वाचतात, शंका काढतात, परत पाठवितात. दुसरा खर्डा येतो, पाचवा येतो, कधी दहावाही येतो. मान्य झालेला पॅच विभागाच्या शाखेत जातो आणि तेथून टोरवाल्ड्सकडे. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. त्यांतील पहिले दोन आठवडे नव्या गोष्टी स्वीकारल्या जातात आणि उरलेल्या काळात केवळ दुरुस्त्या. एका आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल येतात आणि ते करणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास असते. २००४ पासून प्रत्येक पॅचखाली तो पाठविणाऱ्याची आणि पुढे नेणाऱ्यांची सही लागते. पुढे 'मी हे वाचले' आणि 'मी हे चालवून पाहिले' असे सांगणाऱ्या दोन ओळीही रूढ झाल्या. वाचणे आणि चालवून पाहणे यांसाठी दोन वेगळ्या ओळी आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. सारा वाद या दोन ओळींच्या मधल्या जागेत आहे.

त्यातील एक जुना प्रसंग २००० सालचा. चालू आज्ञावली मध्येच थांबवून तिच्या पोटात काय घडते आहे हे दाखविणारे साधन, म्हणजे डीबगर, कर्नेलमध्येच अंतर्भूत करावे अशी मागणी होत होती. टोरवाल्ड्सने ती साफ नाकारली. त्याचा युक्तिवाद असा की, असे साधन हाती आले म्हणजे माणूस लक्षणावर इलाज करू लागतो. ते नसले म्हणजे त्याला संहितेकडे परत जावे लागते आणि ती मुळापासून समजून घ्यावी लागते. विरोधकांना हा हटवाद वाटला. हाताशी असलेले साधन मुद्दाम दूर ठेवून शहाणपण येत नाही, असे त्यांचे म्हणणे. अखेर २००८ च्या जुलैमध्ये, २.६.२६ या आवृत्तीत, असे साधन मुख्य संहितेत आले आणि त्यामुळे आकाश कोसळले नाही. तेव्हा टोरवाल्ड्सचा निष्कर्ष चुकला असे म्हणता येईल. पण त्याने दाखविलेला धोका खोटा नव्हता. शब्दार्थाची वही हाती ठेवून कविता शिकणारा विद्यार्थी शब्द अडला की अर्थ पाहतो आणि पुढे सरकतो, कविता मात्र तशीच मागे राहते. हे वर्गात शिकविणाऱ्यांना सांगायला नको.

दुसरा प्रसंग २००६ चा. त्यापूर्वी काही वर्षे प्रयोगाची आणि वापराची अशा दोन स्वतंत्र मालिका चालत. २.६ ही मालिका आल्यानंतर, २००४ पासून, ही विभागणी सोडून देण्यात आली आणि नवे बदल अखंड वाहू लागले. मे २००६ मध्ये जर्मनीतील विस्बाडेन येथे भरलेल्या लिनक्सटॅग या मेळाव्यात अँड्र्यू मॉर्टन यांनी जाहीरपणे सांगितले की, कर्नेलमधील दोष हळूहळू वाढत चालले आहेत असा त्यांना संशय आहे. दुरुस्त होणाऱ्या दोषांपेक्षा नव्याने येणारे दोष अधिक असावेत, असे त्यांना वाटत होते. मॉर्टन हे बाहेरचे टीकाकार नव्हते. टोरवाल्ड्सच्या खालोखाल त्यांचाच शब्द चाले. हे विधान सिद्ध करण्याचे साधन मात्र कोणाकडेच नव्हते. तक्रारी वाढल्या त्या दोष वाढल्यामुळे की वापरणारे वाढल्यामुळे, हे मोजणार कसे? या अस्वस्थतेतून काही चांगल्या गोष्टी निघाल्या. काल चालत होते ते आज का बंद पडले, याच्या याद्या स्वयंसेवक ठेवू लागले. २००८ पासून सगळ्या विभागांच्या शाखा एकत्र करून पाहण्याची नित्याची व्यवस्था सुरू झाली. पण एकत्र केल्यावर डोलारा उभा राहतो की नाही हे कळणे आणि प्रत्येक वीट कोणीतरी पारखलेली असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

तिसरा प्रसंग आम्हांला सर्वांत बोलका वाटतो. कॉन कोलिवास हे ऑस्ट्रेलियातील भूलतज्ज्ञ. प्रोसेसरचा वेळ वाटणारा कर्नेलचा भाग, म्हणजे शेड्युलर, हा त्यांचा छंद. त्यांची तक्रार अशी होती की, घरच्या संगणकावर काम करताना गाणे अडखळते, पडद्यावरचा बाण क्षणभर थिजतो. मोठ्या सर्व्हरवर घेतलेल्या चाचण्यांत हे उमटत नाही, आणि जे आकड्यांत उमटत नाही ते कर्नेलकारांच्या लेखी नसतेच. म्हणून त्यांनी हा अडखळ मोजणारी साधनेसुद्धा लिहिली. २००७ च्या मार्चमध्ये त्यांनी वेळेची न्याय्य वाटणी करणारा नवा शेड्युलर पुढे ठेवला. एप्रिलमध्ये त्या विभागाचे राखणदार इंगो मोल्नार यांनी त्याच तत्त्वावर स्वतःचा वेगळा शेड्युलर लिहिला. तत्त्वाचे श्रेय त्यांनी कोलिवास यांना मोकळेपणाने दिले, पण ऑक्टोबर २००७ च्या २.६.२३ आवृत्तीत गेली ती मोल्नार यांची संहिता. कोलिवास यांनी कर्नेलचे काम सोडले. दोन वर्षांनी ते आणखी एक शेड्युलर घेऊन परतले, पण तो मुख्य संहितेबाहेरच राहिला. मोल्नार यांचा शेड्युलर २०२३ च्या ६.६ आवृत्तीपर्यंत टिकला.

या निवडीचे समर्थन करताना टोरवाल्ड्सने गुणवत्तेपेक्षा वर्तनावर भर दिला. ज्याच्या संहितेविषयी तक्रार आली त्याने तक्रार करणाऱ्याशी वाद न घालता दोष शोधला पाहिजे, आणि या कसोटीवर मोल्नार अधिक भरवशाचे आहेत, असा त्याचा अभिप्राय होता. ही कसोटी आम्हांला रास्त वाटते. लेखकाने वाचकाची अडचण नाकारू नये. पण तीच कसोटी कर्नेलकारांनाही लावायला हवी होती. घरगुती संगणकावरच्या वाचकाची अडचण त्यांनी वर्षानुवर्षे 'मोजून दाखवा' असे म्हणत बाजूला सारली होती. चाचणी तटस्थ असते असे मानण्याची आपली सवय आहे. प्रत्यक्षात काय मोजायचे हे ठरविणाऱ्याचे हितसंबंध चाचणीत आधीच शिरलेले असतात. बड्या कंपन्यांच्या चाचण्या बड्या यंत्रांसाठी असतात आणि बैठकीच्या खोलीतल्या गाण्यासाठी चाचणी लिहायला कोणीतरी भूलतज्ज्ञ रात्री जागावा लागतो.

मग समीक्षेवर विसंबावे काय? मुक्तस्रोत चळवळीचा यावर ठरलेला विश्वास आहे. एरिक रेमंड यांनी १९९७ साली मांडलेल्या विचाराचा आशय असा की, पाहणारे डोळे पुरेसे असले म्हणजे कोणताही दोष फार काळ खोल दडून राहत नाही. या विचाराला त्यांनी लिनसचेच नाव दिले. हा सिद्धान्त ऐकायला सुखद आहे. पण २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये उघडकीस आलेला 'डर्टी काऊ' नावाचा दोष त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. २००७ पासूनच्या आवृत्त्यांत तो होता. साध्या वापरकर्त्याला संपूर्ण यंत्राचा ताबा मिळवून देणारा हा दोष नऊ वर्षे सर्वांच्या डोळ्यांदेखत, मोकळ्या संहितेत पडून राहिला. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की, हा प्रश्न टोरवाल्ड्सला पूर्वीच दिसला होता. २००५ साली त्याने त्यावर इलाजही केला होता. तो इलाज एका विशिष्ट यंत्रावर अडचणीचा ठरला म्हणून मागे घेण्यात आला. त्या काळी हा धोका कागदावरचा होता. पुढे कर्नेलची स्मृतिव्यवस्था बदलली, आणि जे जवळजवळ अशक्य होते ते सहज शक्य झाले. संदर्भ बदलला की जुन्या ओळीचा अर्थ बदलतो, हे साहित्यात आपण नित्य सांगतो. येथे बदललेला अर्थ वाचायला कोणी परत आले नाही. मोकळेपणाने वाचनाची परवानगी मिळते. वाचक मिळतोच असे नाही.

वाचक आला तरी तो कोणत्या भावनेने वाचतो, हा पुढचा प्रश्न २०२१ साली उभा राहिला. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी, कर्नेलच्या समीक्षकांना फसवून सदोष पॅच गळी उतरविता येतात काय हे पाहण्यासाठी, खोट्या नावांनी काही पॅच पाठविले होते. कर्नेलकारांना विचारले नव्हते. प्रकरण बाहेर येताच एप्रिलमध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठातून येणारे पॅच स्वीकारणे थांबविले, आणि तेथून पूर्वी आलेले सर्व बदल पुन्हा तपासण्याचे काम अनेकांच्या माथी आले. मुद्दाम सदोष केलेले पॅच मुख्य संहितेत शिरले नव्हते, असे त्या तपासातून निष्पन्न झाले. विद्यापीठातील इतरांनी पाठविलेले बहुतांश बदलही प्रामाणिक निघाले. संशोधकांनी निबंध मागे घेतला. त्यांची बाजू घेणारे म्हणत की, समीक्षा दुबळी असेल तर ते सांगायला नको काय? सांगायला हवेच. पण समीक्षकाला न कळविता त्याच्या वेळेवर प्रयोग करणे म्हणजे ज्या वस्तूची टंचाई आहे तिचीच चोरी करणे होय. समीक्षक लेखकाच्या चुका शोधतो, पण लेखकाच्या हेतूवर तो विश्वास टाकतो. तो विश्वास गेला तर प्रत्येक ओळ पोलिसी नजरेने वाचावी लागेल, आणि तसे वाचणारे दोन हजार लेखकांमागे किती मिळणार?

अगदी अलीकडचा वाद बीकॅशएफएस या फाइल-व्यवस्थेचा. केंट ओव्हरस्ट्रीट यांचे हे काम २०२४ च्या आरंभी निघालेल्या ६.७ आवृत्तीत समाविष्ट झाले. दुरुस्त्यांसाठी राखलेल्या आठवड्यांत ते मोठमोठे बदल पाठवीत आणि टोरवाल्ड्सशी खटके उडत. हे बदल इतरांनी पाहिलेले नाहीत, सर्वांच्या एकत्रित चाचणीतूनही गेलेले नाहीत, असा टोरवाल्ड्सचा आक्षेप. माझ्या स्वयंचलित चाचण्या कडक आहेत, वापरणारे स्वतः तपासून पाहतात, आणि लोकांच्या फायली धोक्यात असताना दुरुस्ती अडवून ठेवणे हेच बेजबाबदारपणाचे, असे ओव्हरस्ट्रीट यांचे उत्तर. २०२५ च्या जूनमध्ये टोरवाल्ड्सने फारकतीची भाषा केली आणि त्याच वर्षी ६.१८ आवृत्तीतून ती संहिता काढून टाकण्यात आली. ज्यांच्या फायली त्या व्यवस्थेत होत्या, त्यांना आता तो भाग बाहेरून आणून जोडावा लागतो. भुर्दंड पडला तो वापरणाऱ्यांना.

या प्रकरणात आमची सहानुभूती ओव्हरस्ट्रीट यांच्या तळमळीकडे आणि आमचे मत त्यांच्या विरुद्ध आहे. लेखकाने स्वतःच्या कृतीची कितीही कसून परीक्षा घेतली तरी ती समीक्षा होत नाही. ज्याने चूक केली त्यानेच चाचणीही लिहिलेली असते, आणि जे त्याला संहितेत सुचले नाही ते चाचणीतही सुचण्याचा संभव कमी. दुसऱ्याचे वाचन लागते ते यासाठी. शिवाय समीक्षेचे आणखी एक काम आहे, जे कोणतीही चाचणी करू शकत नाही. आज लिहिणारा उद्या निघून गेला तर हे समजून घेऊन चालविणारा दुसरा कोणी आहे काय, याचे उत्तर समीक्षेतून मिळते. एका पॅचला दुसऱ्या वाचकाची सही असते, तेव्हा त्या ओळी किमान दोन माणसांना कळलेल्या असतात.

मराठी वाचकाला येथे एकनाथांची आठवण व्हावी. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, शेवटी वर्ष नोंदविले आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये अशी ताकीदही दिली. राखणदाराचे काम आपल्याला परके नाही. मात्र एकनाथांपुढे सिद्ध झालेला ग्रंथ होता आणि तो बदलू न देणे हेच त्यांचे कर्तव्य होते. कर्नेलच्या राखणदाराला दर आठवड्याला नव्या ओव्या आत घ्याव्या लागतात, आणि तरीही ग्रंथ बिघडू द्यायचा नसतो.

या राखणदारीच्या कठोरपणाविषयीही बोलले पाहिजे. अनेक वर्षे टोरवाल्ड्सची शिवराळ भाषा ही गुणवत्तेची किंमत म्हणून खपवून घेतली गेली. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने स्वतःच तिच्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली, काही आठवडे रजा घेतली, आणि त्याच सुमारास नवी आचारसंहिता स्वीकारली गेली. तिने कर्नेल मवाळ होईल अशी भीती घालणारे होते. आमच्या मते कठोर वाचन आणि कठोर बोलणे यांचा काही संबंध नाही. मराठी समीक्षेतही जहरी शेरा म्हणजे परखडपणा अशी समजूत दीर्घकाळ नांदली आणि तिने लेखकांइतकेच भावी समीक्षकही पळवून लावले.

चाचण्यांविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. २०१७ पासून चालणारा सिझबॉट हा यंत्रसेवक कर्नेलवर अहोरात्र वेड्यावाकड्या आज्ञांचा मारा करतो आणि माणसाच्या नजरेतून सुटलेले असंख्य दोष पकडतो. त्याचे उपकारच आहेत. पण त्याने टाकलेल्या तक्रारींचा ढीग शेवटी कोणा माणसालाच वाचावा लागतो. आता तर संहिता लिहिण्याचे कामही यंत्रे करू लागली आहेत. लिहिणे स्वस्त झाले आहे आणि वाचणे होते तेवढेच महाग राहिले आहे. म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, वाचनाला श्रम म्हणून मोजावे. कर्नेलमध्ये काम करणारे बहुसंख्य लोक कंपन्यांचे पगारी नोकर आहेत. त्यांना पगार मिळतो तो प्रामुख्याने लिहिण्याचा, इतरांचे वाचण्याचा क्वचित. नेटवर्क विभागाचे राखणदार अलीकडे कोणी किती पॅच पाठविले याच्या जोडीने कोणी इतरांचे किती वाचले याचाही हिशेब प्रसिद्ध करतात, आणि कोणती कंपनी घेते अधिक व देते कमी हे त्यातून सर्वांना दिसते. ही रीत प्रत्येक विभागाने उचलावी. जो लिहितो त्याने तेवढेच दुसऱ्याचे वाचावे, अशी अट घालायलाही आम्ही कचरणार नाही.

साहित्याच्या विभागांत आपणही हाच हिशेब एकदा मांडून पाहावा. शोधनिबंध किती छापले याची नोंद आपल्याकडे ठेवली जाते, आणि ती ठेवण्यासाठी तक्ते आहेत. सहकाऱ्याचा निबंध छापण्याआधी कोणी मन लावून वाचला, त्यातील चूक कोणी दाखविली, याला आपल्या तक्त्यांत रकाना नाही. कर्नेलच्या पॅचखाली निदान त्या नावासाठी एक ओळ राखलेली असते.